हळद लावलेलं विमान

गुरुवार, ९ मार्च १९७८. पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि मी वडूजच्या आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून शिलाईच्या हातमशीनला तेल घालत होतो. आदल्या संध्याकाळी घातलं होतं, तरी पुन्हा घातलं. परगावी गेल्यावर मशीन अडकलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार होतो? मशीनभोवती जुनी गोधडी, त्यावर पोतं आणि पोत्याला सुतळीच्या गाठी. दुसऱ्या पिशवीत दोऱ्याची रिळं, सुया, कात्री, मोजपट्टी आणि आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या. एवढं सगळं घेऊन मी सांगलीकडे एक विमान शिवायला निघालो होतो.

परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण त्याबद्दलच विचारतो. मापं घेता घेता सांगायला गेलो की माझी मापं चुकतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. ज्याला जाऊन बघायचंय त्याला वाटेची, खाण्यापिण्याची आणि भाड्याची माहिती यात मिळेल. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं आहे; सांभाळून घ्या.

बोलावणं आलं होतं प्रल्हादकडून. हा माझा शाळेतला मित्र. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही दोघांनी एकाच कामावर खडी फोडली. पुढे मी मामांकडे शिवण शिकलो आणि तो कुपवाडला पत्र्याच्या कारखान्यात लागला. संक्रांतीला घरी आला तेव्हा म्हणाला, "दत्तू, आमच्याकडं धुराचं विमान करायचं चाललंय. कापड गोळा झालंय, पण शिवणार कोण? सांगलीचे टेलर हसत्यात." मी हसलो नाही, एवढ्यावरच त्यानं माझं नाव पक्कं केलं.

वडूजहून सकाळची सांगली गाडी मायणी, विटा, तासगाव अशी जाते. तिकीट सहा रुपये ऐंशी पैसे. कंडक्टरनं पोतं हलवून बघितलं आणि मशीनचं दीड रुपया लगेज लावलं. मी टपावर चढून गाठ तपासली, विट्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा पुन्हा तपासली आणि तासगावला तिसऱ्यांदा चढलो, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, वर सोनं हाय का काय?" विट्याच्या स्टँडवर भजी ताजी मिळतात, पण गाडी फार थांबत नाही, आधी भजी घ्यावीत, मग चहा. मायणीपर्यंत आमच्यासारखाच कुसळांचा माळ दिसतो. तासगावच्या पुढे मात्र दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि मार्चमध्ये गेलात तर ठिकठिकाणी हळद शिजवल्याचा वास येतो. ओल्या मातीत आल्याचा चहा सांडावा तसा काहीसा तो वास आहे.

प्रल्हाद स्टँडवर सायकल घेऊन उभा होता. मशीन कॅरियरला बांधलं आणि आम्ही दोघं चालतच कुपवाडला त्याच्या खोलीवर गेलो. जाणाऱ्यांनी कुपवाडला भाड्याची सायकल घ्यावी, दिवसाला दीड रुपया पडतो. तिथून माळावरचा विमानतळ तासाभराच्या आत येतो. वाट शेवटी शेवटी खडीची आहे, म्हणून चाकात हवा बघून घ्या.

शुक्रवारी सकाळी मी तो विमानतळ पहिल्यांदा बघितला. लढाईच्या काळात बांधलेली धावपट्टी, पुढे कुणाला नको झालेली. विमानं गेली आणि हळद आली, असं प्रल्हाद म्हणाला ते अगदी खरं होतं. पट्टीच्या फरश्यांवर जिकडे बघावं तिकडे शिजवलेली हळद वाळत पडली होती. माळाला लागून असलेल्या दोन गावांतल्या प्रत्येक घराची फरशी ठरलेली. कुणाचं नाव लिहिलेलं नाही, कोपऱ्यावर चार दगड ठेवले की झालं, आणि त्या दगडांना कुणी हात लावत नाही. पट्टीच्या कडेला हळद शिजवायची चुलवाणं पेटलेली होती. वर लोखंडी काहिली, खाली उसाचं पाचट जळतंय आणि मागच्या धुराड्यातून धूर सरळ वर चाललाय.

पट्टीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र हळद नव्हती. तिथे फुटलेल्या फरश्यांचे बाक केले होते, जुन्या टायरचा झोपाळा होता, पाण्याचा रांजण होता आणि एका लोखंडी खांबावर जुन्या लुगड्याची लांब पिशवी वारा दाखवत लोंबत होती. कडेनं मेंदी आणि करवंदाची रोपं लावली होती. एकही झाड माझ्या कमरेच्या वर जाणारं नव्हतं. मी कारण विचारलं तर बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "झाड उंच झालं तर दोरी आडकंल. सावली पायजे तर घरी बसावं. ही विमानाची बाग हाय."

हे हवालदारआबा. फौजेत पॅराशूटच्या घड्या घालायचं काम त्यांनी केलं होतं, आणि पेन्शनीत आल्यापासून त्यांना या कोपऱ्यानं झपाटलं होतं. त्यांच्या गावच्या जत्रेत पूर्वी धुराची विमानं सोडत. याला पंखे नाहीत की यंत्र नाही. कागदाची काकडीसारखी लांब पिशवी, खाली तेलात भिजवलेला चिंध्यांचा जळता बोळा; आतली हवा तापली की विमान वर जातं. कुठे पडेल ते वाऱ्याच्या हातात. तीन वर्षांमागे असंच एक विमान बोळ्यासकट शेवंताकाकूंच्या उभ्या उसात पडलं आणि पहाटेपर्यंत सगळा ऊस गेला. तेव्हापासून दोन्ही गावांनी विमानं बंद केली.

आबांचं म्हणणं असं होतं की जाळ जमिनीवरच ठेवायचा. हळदीच्या चुलवाणाची गरम हवा कापडी विमानात भरायची, त्याला दोरी बांधायची, घटकाभर वर ठेवायचं आणि ओढून खाली घ्यायचं. ज्याला हौस असेल त्यानं आपलं विमान घेऊन इथे यावं, मुलांनी बघावं, म्हाताऱ्यांनी बाकावर बसावं. पण मोकळी फरशी म्हणजे हळदवाल्यांच्या पोटाचा प्रश्न, आणि या कोपऱ्याला लागूनच शेवंताकाकूंचं शेत. म्हणून दोन्ही गावांनी बसून ठरवलं होतं: रविवारी सकाळी विमान वर न्यायचं. एकही ठिणगी खाली आली तर कोपरा हळदीला द्यायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. ठिणगी आली की नाही, हे ठरवणार शेवंताकाकू.

मला हे सगळं मशीन उतरवल्यावर कळलं. आजवर मी शिवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे वडूजच्या एका लग्नातला मांडवाचा पडदा. शिवण उसवली, त्यातून तापलेला धूर आणि ठिणग्या बाहेर पडल्या, तर एका माणसाची सगळी खटपट माझ्या टाक्यावरून जाणार होती.

कापड म्हणजे घराघरातून मागून आणलेली जुनी लुगडी, धोतरं, पंचे, एका पोरानं दिलेली मच्छरदाणी आणि आबांनी कुठून तरी मिळवलेले पॅराशूटचे तुकडे. प्रल्हादच्या वस्तीतून आलेली पांढरी पातळं सगळ्यात तलम आणि धड होती, ती मी वर माथ्याला लावली, कारण गरम हवेचा जोर तिथे येतो. आबांनी फरशीवर खडूनं आकार काढून दिला. मी दिवसभर मांडी घालून मशीन फिरवत होतो आणि प्रत्येक शिवण दुहेरी घालत होतो. हळद पसरायला आलेल्या बायका येता-जाता थांबायच्या. एकीनं तिचं लुगडं ओळखलं आणि म्हणाली, "ह्यात माझी दोन बाळंतपणं झाल्यात, नीट शिव रं बाबा." दुपारी त्याच बायांनी मला पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. पैसे विचारायचं धाडस झालं नाही. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की माळावर हॉटेल नाही, पण उपाशीही कुणी राहू देत नाही.

शेवंताकाकू त्या दिवशी आल्या नाहीत. लांबून दिसल्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर हळदीची पाटी. आपल्या फरशीवर हळद पसरताना एकदाही त्यांनी कोपऱ्याकडे मान वळवली नाही.

शनिवारी खळ लावायची होती. कापडाची भोकं बुजली नाहीत तर गरम हवा टिकत नाही. आमच्या भागात धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात; ती मला माहीत होती आणि मी ती सुचवली. चिंचोके भाजून, दळून, मोठ्या हंड्यात शिजवले. इथवर सगळं बरोबर चाललं होतं. मग आबा दोन डबे काकवी घेऊन आले. काकवी म्हणजे गुळाचा पातळ पाक. मी विचारलं, की हे कशाला? ते म्हणाले, "माझ्या हिरीच्या बांधकामाचा चुना गूळ घालून केलाय. तीस वर्सं झाली, दगूड हललेला न्हाई." खळ म्हणजे चुना नव्हे, हे मी एकदा सांगितलं. त्यांनी फौजेतल्या आवाजात "टेलर, घाल" म्हटलं आणि उसाच्या मुलखात गुळाविरुद्ध बोलणारा मी एकटाच आहे हे माझ्या लक्षात आलं. सगळे जण एकदिलानं विमानाला गोड खळ फासत होते. संध्याकाळपर्यंत ती वाळली, कापड ढोलाच्या कातड्यासारखं वाजायला लागलं. आबांनी टिचकी मारून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, झकास आहे. खरोखरच झकास होतं.

रविवारी उजाडताना आम्ही सायकली हाणत पोचलो. वारा पडलेला असतो म्हणून विमानाला पहाटच हवी; बघायला जाणाऱ्यांनीही तेवढ्या लवकरच निघावं. बरीच माणसं जमून खाली फरशीकडे बघत होती. विमान फरशीवर पसरलेलं होतं, आणि ते काळं होतं. मला वाटलं जळालं. जवळ गेलो तर तो काळेपणा हलत होता. मुंगळे. माथ्यापासून तोंडापर्यंत, आत आणि बाहेर, प्रत्येक शिवणीत मुंगळे. माळावरची सगळी वारुळं रातोरात आमच्या काकवीला आली होती.

झाडून काढावं तर खळ तडकत होती, पाणी मारावं तर विरघळत होती. धूर दिला तर ते शिवणीत आणखी आत शिरले. एकानं सुचवलं की तसंच भरा, वर गेल्यावर पळतील. पण मी दोन ठिकाणी दोरा कुरतडल्यासारखा बघितला होता आणि मला ते बोलणं भाग पडलं. आबा फुटक्या फरशीच्या बाकावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि त्यांचं वय एकदम दिसायला लागलं.

तेवढ्यात शेवंताकाकू आल्या. निकाल द्यायला आल्या होत्या. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, बोट लावून चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "आवं हवालदार, विमान केलंय का मुंगळ्यास्नी जेवाण घातलंय?"

माणसं हसली. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "वैनी, जाऊ द्या. कोपरा घ्या तुमी. माझंच चुकलं."

काकू म्हणाल्या, "असा न्हाई घ्यायची मी. ठिणगी पडती का न्हाई ते मला बघायचं हाय. मुंगळ्यानं पडलं तर माझा निकाल कुटं लागला? कुणी चोरून विमान सोडंल म्हून मी परत दर जत्रंला रातभर उसात जागत बसू व्हय?" आणि त्या बायकांकडे वळल्या. "भुकटी आणा गं. हळदीला मुंगी ऱ्हात न्हाई."

वाळलेली हळद पिंपात घालून फिरवली की तिची साल निघते आणि खाली पिवळी भुकटी साचते. तिलाही बाजारात भाव आहे. तरी बायका आपापल्या फरशीवरून सुपं भरभरून भुकटी घेऊन आल्या. काकूंनी पहिली मूठ विमानाच्या तोंडावर चोळली. मग सगळ्याच बसल्या. कुणीतरी लग्नात हळद लावताना म्हणतात तसं गाणं सुरू केलं, दुसरीनं नवऱ्याच्या जागी आबांचं नाव घातलं, आणि आबांचे कान लाल झाले. मी आणि प्रल्हाद विमानाच्या आत शिरलो, आतून चोळायला. पिवळ्या उजेडात डोळे चुरचुरत होते आणि मुंगळे आमच्या पाठीवरून बाहेर पळत होते. मी कुरतडलेल्या जागी हातानं टाके घातले. बाहेर आलो तेव्हा विमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळंजर्द झालं होतं आणि आम्ही दोघंही.

प्रल्हादनं कारखान्यात पत्र्याचं एक मोठं नळकांडं करून आणलं होतं. त्याच्या आत एकावर एक तीन बारीक जाळ्या बसवल्या होत्या, ठिणग्या अडवायला. ते चुलवाणाच्या धुराड्यावर बसवलं आणि त्यावर विमानाचं तोंड धरलं. पाचट पेटलं. विमान आधी एका बाजूनं फुगलं, मग उठून बसलं, मग उभं राहिलं. मी शिवणी बघत भोवती फिरत होतो. आबांनी तोंड आवळून बांधलं. दोरी शेवंताकाकूंनी मागितली.

विमान सुटलं. आवाज काहीच नाही. वीस हात लांबीचं लुगड्या-धोतरांचं ते धूड आमच्या डोक्यांवरून वर गेलं, आणि उजेडात ते एवढं सुंदर दिसलं की मला शिवणींचा विसर पडला. मग वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि ते सावकाश काकूंच्या उसाकडे झुकलं.

"वडा, वडा," कुणीतरी म्हणालं. काकूंनी दोरी ओढली नाही. उलट आणखी सैल सोडली, अगदी उसाच्या वर जाईपर्यंत. पायात दोरीचा वेढा पडू नये म्हणून प्रल्हाद त्यांच्यामागे दोरी सोडवत होता. सगळी माणसं वर बघत होती आणि आबा फक्त काकूंकडे.

वरून काहीतरी काळं गिरक्या घेत आलं आणि काकूंच्या पदरावर पडलं.

काकूंनी एक हात दोरीवरून काढला, ते उचललं, बोटांत चुरडलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"ठिणगी न्हाई," त्या म्हणाल्या. "मुंगळा हाय. भाजलाय बिचारा."

त्यानंतर किती वेळ माणसं हसत होती ते सांगता येणार नाही. काकूही हसत होत्या, पण डोळ्याला पदर लावून. विमान थंड होऊन आपोआप उतरायला लागलं तशी त्यांनी ते हातावर हात टाकत ओढून आणलं, फरशीवर निजवलं, आणि आबांना म्हणाल्या, "कोपरा ऱ्हाऊ द्या. पर दोरी माझ्याकडं. जत्रंला बी, आन कवाबी." आबांनी एकदम कडक सलाम ठोकला. म्हाताऱ्या माणसाचा तो सलाम मी विसरणार नाही.

दुपारी दोन्ही गावांच्या माणसांनी मिळून करवंदाची आणखी एक रांग लावली. मलाही एक रोप लावायला दिलं. मी ते सरळ लागलंय की नाही हे चार वेळा तपासलं. प्रल्हाद म्हणाला, "दत्त्या, झाड हाय ते, शर्टाची कॉलर न्हाई."

सोमवारी सकाळच्या गाडीनं परत आलो. सांगलीच्या स्टँडवर घरासाठी भडंग घेतलं. घ्याल तर जास्त घ्या, विट्याच्या आत संपतं. टपावर चढून गाठ तपासायची ती मी मायणीपर्यंत विसरलो होतो. घरी पोतं सोडलं तर मशीन पिवळं. पुसलं, तेल घातलं, तरी अजून शिवताना पांढऱ्या कापडावर मधूनच एखादा पिवळा ठिपका उमटतो. गिऱ्हाईक कुरकुरलं की मी त्याला ही गोष्ट सांगतो, आणि आता हे वाचायला देईन.

मी शिवलेलं काहीतरी एवढ्या माणसांनी एकदम मान वर करून बघावं, हे माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्यांनी लुगडी दिली, जेवायला वाढलं, माझा टाका न तपासता त्यावर भरवसा ठेवला, त्यांचा मी ऋणी आहे.

खर्च असा झाला. एसटी जाऊन-येऊन तेरा रुपये साठ पैसे. मशीनचं लगेज दोन्ही वेळचं तीन रुपये. सायकल तीन दिवस, साडेचार. दोरा आणि सुया साडेपाच. चहा, भजी वगैरे तीन रुपये चाळीस. भडंग दोन रुपये. एकूण बत्तीस रुपये.

देणं: शेवंताकाकूंची एक सूप हळदीची भुकटी. मी पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी माझी मूठ मिटवून परत दिली आणि सांगितलं, की हळदीचे पैसे घेत नाहीत, जत्रेला येऊन दोरीचं दुसरं टोक धरायचं.